चादरीवर चेंडू सरळ, मैदानात उजवीकडे: गोल्फ स्विंगचे नेहमीचे दोष आणि त्यांची दुरुस्ती

सोलापुरात गोल्फ शिकणाऱ्याचा बराचसा सराव गच्चीवर, अंगणात किंवा मळ्यात चादर नाहीतर जाळी टांगूनच होतो. हिरवळीवर खेळायचं तर पुणं गाठायचं, म्हणजे अडीचशे किलोमीटर. चादरीत धप्पकन जाणारा प्रत्येक चेंडू झकास वाटतो. महिन्याने येरवड्याच्या गोल्फ मैदानात पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू होतो त्या जागी, उभं राहिलं की तोच स्विंग (क्लब म्हणजे काठी फिरवण्याची क्रिया) चेंडू उजवीकडच्या झाडीत नेऊन टाकतो. मग सोबतचे चौघे चार सल्ले देतात: मान खाली ठेव, हात सरळ ठेव, हळू मार, कंबर वळव. परतीच्या वाटेवर टेंभुर्णीला चहाला थांबेपर्यंत चारही सल्ले एकमेकांत गुंतलेले असतात आणि दोष असतो तिथेच.

तो पुन्हा पुन्हा येतो, कारण दुरुस्ती भलत्याच जागी होते. स्विंग कसा दिसतो यावरून इलाज ठरवला की हमखास फसगत. अमेरिकी गोल्फपटू जिम फ्युरिकचा स्विंग वर जाताना एका वाटेने आणि खाली येताना दुसऱ्याच वाटेने फिरतो. तरी त्याने २००३ साली गोल्फची यूएस ओपन जिंकली आणि २०१६ साली पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धांत ५८ फटक्यांचा राउंड (अठरा होल) खेळला. क्लबचा फेस, म्हणजे चेंडूला भिडणारी बाजू, चेंडूला लागतो त्या क्षणी काय होतं, तेवढंच चेंडूला कळतं. तो क्षण सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाइतका. डोळ्याला तो दिसत नाही, पण खुणा सोडतो. त्या तीन असतात आणि याच क्रमाने वाचायच्या: फेसवर चेंडू कुठे लागला, चादरीवर कुठे आदळला, जमिनीला क्लब कुठे टेकला.

(खालचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं.)

आधी चादर नीट टांगा

सोलापुरी चादर या कामाला चांगली, कारण ती जाड आणि जड असते. पण ती ताणून बांधली तर चेंडू उसळून अंगावर येतो. वरून दोरीला लोंबती टांगा, खालची कड मोकळी आणि वीतभर जमिनीवर लोळती ठेवा. मागे भिंत असेल तर मध्ये किमान दोन फूट मोकळी जागा हवी. एकावर एक दोन चादरी घ्या. मार सतत एकाच जागी बसतो, म्हणून आठवड्याला उजेडासमोर धरून कुठे विरली आहे का ते बघा आणि वरची बाजू खाली करा. दोन्ही बाजूंनाही एकेक चादर पाहिजे. शँक झालेला, म्हणजे फेसऐवजी दांड्याच्या गळ्याला लागलेला, चेंडू जवळपास आडवा जातो आणि शेजाऱ्याच्या खिडकीची काच त्याच दिशेला असते.

ही सोय वेज आणि आयर्न या तिरप्या फेसच्या, आखूड क्लबांसाठी. ड्रायव्हर या सगळ्यात लांब क्लबचा चेंडू हौशी खेळाडूच्या हातूनही ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास सुटतो. नियमातल्या चेंडूचं वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, म्हणजे लहान दिसला तरी दगडच. ड्रायव्हरला चादरीमागे गोल्फची खरी जाळी लावा, नाहीतर फोमचे चेंडू वापरा. पार्क मैदान असो की होम मैदान, सकाळी फिरायला माणसं असतात तिथे खरा चेंडू काढूच नका.

आता मोजमाप. चेंडूपासून चादर बरोबर ३ मीटरवर ठेवा. चादरीसमोर वरून ओळंब्यासारखी सुतळी सोडा, खाली नट बांधा. ही तुमची दिशा. पायाशी या दिशेला समांतर ज्वारीचं सरळ धाट ठेवा. विकतच्या काठीपेक्षा हे बरं, कारण क्लब लागला तर धाट मोडतं, क्लबला काही होत नाही. पायाची बोटं त्या धाटाला लावून उभं राहायचं.

३ मीटरवर १ अंश म्हणजे साधारण ५ सेंटिमीटर. चेंडू सुतळीच्या उजवीकडे १५ सेंटिमीटरवर आदळला, तर १५० मीटर लांब जाईपर्यंत तो साडेसात मीटर उजवीकडे गेलेला असेल, आणि त्यात वळण अजून धरलेलं नाही. उंचीही बोलते. बरा लागलेला सात नंबरचा आयर्न ३ मीटरवर जमिनीपासून साधारण ९० ते ११० सेंटिमीटर उंचीवर आदळतो, पिचिंग वेज १३० ते १४० वर. सात नंबरचा फटका सतत गुडघ्याखाली बसत असेल, तर आवाज कितीही छान येवो, तो फटका मैदानात सरपटणार आहे.

फेसवरची खूण

फेस पुसून कोरडा करा आणि त्यावर टाल्कम किंवा कॅरमची पावडर बोटाने पातळ पसरा. दुसरी युक्ती: व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूवर टिपका काढा, तो फेसच्या बाजूला येईल असा चेंडू ठेवा आणि मारा. टिपका फेसवर उमटतो. पाच फटके मारा, दर वेळी पुसा, आणि कागदावर फेसचं चित्र काढून पाच फुल्या करा.

हे सगळ्यात आधी करायचं कारण असं की ड्रायव्हर आणि वूड या मोठ्या डोक्याच्या क्लबांत चेंडू टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला लागला की फेस त्या धक्क्याने किंचित फिरतो आणि चेंडूला उजवीकडे वळणारी फिरकी मिळते. पंज्याकडे, म्हणजे टोकाकडे लागला की उलटं. म्हणजे ग्रिप (क्लब धरायची पकड) बरोबर, वाट (क्लब चेंडूतून जातो तो मार्ग) बरोबर, तरी नुसत्या टाचेच्या माराने स्लाइस होतो, म्हणजे चेंडू उजवीकडे वळत जातो. पाचांतल्या चार फुल्या टाचेकडे असतील तर स्विंगला हात लावू नका. चेंडूपासून दोन सेंटिमीटर मागे सरका, वजन पायाच्या चवड्यावर नव्हे तर पावलाच्या मध्यावर घ्या आणि पुन्हा पाच मारा. कित्येकांचा वर्षानुवर्षांचा स्लाइस अर्धा इथेच उतरतो.

स्लाइस: नाव एक, आजार दोन

इथे थोडं थांबू या, कारण सगळ्यात जास्त वेळ आणि चेंडू इथेच जातात.

पूर्वी शिकवलं जायचं की चेंडू स्विंगच्या वाटेने सुटतो आणि मग फेसच्या दिशेला वळतो. रडारने मोजायला लागल्यावर उलटं निघालं. चेंडू सुटतो तो मुख्यतः फेस जिकडे बघत असेल तिकडे. ड्रायव्हरला हा वाटा सुमारे ८५ टक्के, आयर्नला सुमारे ७५. वळण मात्र फेस आणि वाट यांच्यातल्या फरकाने येतं. वाटेच्या मानाने फेस उजवीकडे उघडा असला की चेंडू उजवीकडे वळणार. म्हणजे स्लाइस म्हटला की फेस वाटेच्या उजवीकडे आहे एवढं नक्की. पण चूक फेसची की वाटेची, ते चादर सांगते.

चेंडू सुतळीच्या उजवीकडे आदळतोय: फेसच उघडा येतोय. इलाज ग्रिपवर.

चेंडू सुतळीच्या डावीकडे आदळतोय आणि तरी मैदानात उजवीकडे जातो: फेस डावीकडेच आहे, पण वाट त्याहून जास्त डावीकडे, म्हणजे बाहेरून आत कापत येणारी. इलाज वाटेवर.

घोटाळा होतो तो असा. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला कोणीतरी सांगतं, ग्रिप घट्ट उजवीकडे फिरव, फेस बंद कर. तो करतो. आता फेसही डावीकडे, वाटही डावीकडे, आणि चेंडू सरळ डावीकडच्या झाडीत. तो घाबरून ग्रिप जुनी करतो आणि 'आपल्याला हे जमत नाही' म्हणतो. सल्ला चुकीचा नव्हता, तो दुसऱ्याच्या आजाराचा होता.

*फेस उघडा असेल तर.* क्लबचा फेस आधी थेट सुतळीकडे बघेल असा ठेवा, मगच हात लावा. ग्रिप बदलताना नव्वद टक्के लोक हाताबरोबर क्लबही फिरवतात. मग हाताची जागा बदलल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसतं. डाव्या हातात दांडा तळव्यातून तिरका नको, बोटांतून जायला हवा: तर्जनीच्या मधल्या पेरापासून करंगळीच्या मुळाशी. तळव्याची मांसल गादी वर बसते. वरून बघितल्यावर डाव्या मुठीची दोन ते तीन हाडं दिसली पाहिजेत. एकच दिसत असेल तर तिथेच स्लाइस आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्यातली खाच, दोन्ही हातांची, उजव्या खांद्याकडे रोखलेली असावी. बदल एका वेळी अर्ध्या सेंटिमीटरचाच करा. पहिले तीस-चाळीस चेंडू सुतळीच्या डावीकडे जातील आणि हात परके वाटतील. त्याला घाबरून जुनी ग्रिप धरू नका.

*वाट कापणारी असेल तर.* आधी खांदे तपासा. एक क्लब छातीवर आडवा धरा आणि तो कुठे रोखलाय ते बघा. पाय धाटाला समांतर असतात, पण खांदे डावीकडे उघडलेले असतात. ड्रायव्हरला तर हे फारच होतं, कारण चेंडू फार पुढे ठेवलेला असतो आणि उजवा हात तिथवर पोचण्यासाठी खांदा पुढे ओढतो. ड्रायव्हरला चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या कडेसमोर ठेवा, त्यापुढे नको. सात नंबरला मध्यापासून एखादा चेंडू पुढे, वेजला मध्यावर.

मग चपलांचा रिकामा खोका घ्या. चेंडूच्या मागे साधारण फूटभर आणि चेंडूच्या रेषेच्या बाहेर चार बोटं अंतरावर ठेवा. खाली येताना क्लब खोक्याला लागला तर तुम्ही वरून कापताय. खोका शाबूत ठेवून आधी अर्ध्या स्विंगने वीस फटके, मग पाऊण. जोर साठ टक्क्यांच्या पुढे नेऊ नका. खोका चुकवायला बहुतेक जण नुसते हात आत ओढतात. ते नको. वर पोचल्यावर पाठ अर्धा क्षण सुतळीकडे तशीच राहू द्या आणि सुरुवात डाव्या पायावर वजन टाकून करा. खांदे मागून येतील.

क्रिकेटमधून आलेली सवय

आपल्याकडे गोल्फला येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी क्रिकेट खेळलेला असतो. वजन पुढच्या पायावर न्यायची सवय त्याला आयती मिळालेली असते, हा मोठाच फायदा. पण दोन सवयी नडतात. एक, ड्राइव्ह मारताना पुढचं कोपर उंच ठेवायचं. गोल्फमध्ये तेच कोपर फटक्यानंतर कोंबडीच्या पंखासारखं बाहेर वाकतं, फेस उघडा राहतो आणि चेंडू पातळ, म्हणजे फेसच्या खालच्या कडेने, लागतो. दुसरी, बॅटचा पूर्ण चेहरा चेंडूच्या रेषेत जास्त वेळ दाखवत राहायचं. गोल्फचा क्लब वर्तुळात फिरतो, फेसही त्याच्याबरोबर वळत असतो. तो वळण अडवून 'दाखवत' राहिलं की चेंडू उजवीकडे सरकलाच.

याला औषध घरातच आहे. सोलापुरी टेरी नॅपकिनची घडी डाव्या काखेत धरा. सुती लूपचा असल्यामुळे तो शर्टावरून घसरत नाही. गुळगुळीत कापडाचा उपयोग नाही. वेज किंवा नऊ नंबर घ्या. कमरेपासून कमरेपर्यंत, त्याहून मोठा स्विंग नको. चेंडू गेल्यानंतरही नॅपकिन काखेतच राहिला पाहिजे, आणि शेवटी दोन्ही कोपरं जमिनीकडे बघत असली पाहिजेत, बाहेर नव्हे. काख आवळून धरायची नाही. छाती वळत राहिली तर नॅपकिन आपोआप राहतो, छाती थांबली की पडतो. हे पंचवीस फटके रोज. ड्रायव्हरच्या पूर्ण स्विंगला मात्र हा नॅपकिन लावू नका, वर जाताना हात अंगापासून सुटावाच लागतो.

आधी माती, मग चेंडू

चेंडूच्या मागे जमीन खोदली जाणं आणि चेंडूच्या डोक्यावरून क्लब घसरणं ही एकाच घरची भावंडं. दोन्हींत क्लबच्या वर्तुळाचा तळ चेंडूच्या मागे असतो. तिथे क्लब जमिनीला लागला तर फॅट, न लागता वर यायला लागला तर टॉप. 'मान वर उचललीस म्हणून टॉप झाला' हा गोल्फमधला सगळ्यात जुना आणि सगळ्यात निरुपयोगी सल्ला. मान बळजबरीने खाली दाबली की छाती वळायची थांबते आणि तळ आणखी मागे जातो.

खूण बघायला रांगोळी घ्या. पण आधी जमीन. आपली काळी माती पावसाळ्यात चिकट चिखल, आणि मार्चपासून भेगाळून विटेसारखी कडक. तशा कोरड्या जमिनीवर आयर्न आपटला की मनगट आणि कोपर दुखायला लागतं. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि तीन-चार इंच खोल चर खणून त्यात चाळलेली वाळू आणि माती निम्मी-निम्मी भरा, खडे काढून. आदल्या संध्याकाळी थोडं पाणी शिंपडा; सकाळी ती दाबली तर बोट उमटेल इतकी ओल हवी.

सुतळीच्या दिशेला आडवी, म्हणजे काटकोनात, रांगोळीची एक रेघ ओढा. रेघ जिथे चेंडू असतो तिथे, पायांच्या मध्यापासून थोडी पुढे. चेंडू न ठेवता दहा स्विंग करा, दर वेळी रेघेच्या बाजूने चार बोटं सरकत. आता ओरखडे बघा. आयर्नचा ओरखडा रेघेवर सुरू होऊन पुढे, म्हणजे चादरीकडे जायला हवा. रेघेच्या मागे दोन इंचांवर सुरू होत असेल तर तेच दुखणं. ओरखड्याचा कल डावीकडे असेल तर वरच्या प्रकरणातला खोका पुन्हा आणा, वाट कापतेय.

तळ मागे का राहतो? बहुतेक वेळा चेंडू 'उचलायचा' प्रयत्न होतो म्हणून. चेंडू वर नेण्याचं काम क्लबच्या तिरप्या फेसचं. पिचिंग वेजला ४५ अंशांच्या आसपास तिरपेपणा दिलेलाच असतो. माणूस मात्र उजव्या पायावर मागे झुकून पळी फिरवल्यासारखं मनगट पुढे झटकतो. दुरुस्ती अशी: उभं राहतानाच साठ टक्के वजन डाव्या पायावर घ्या आणि तिथून हलू नका. हात डाव्या मांडीसमोर. अर्धा स्विंग. शेवटी उजवी टाच वर, पोटाची गुंडी सुतळीकडे, आणि मनात तीन अंक मोजेपर्यंत तसंच थांबा. तोल गेला तर तो फटका मोजायचा नाही, चेंडू कितीही छान गेला तरी. दहांतले सात ओरखडे रेघेपुढे येईपर्यंत चेंडू ठेवूच नका.

कृत्रिम मॅटवर सराव करणाऱ्यांना एक सावधगिरी. मॅट खोटं बोलते. क्लब चेंडूच्या दोन इंच मागे टेकला तरी मॅटवरून घसरून चेंडूला बरा लागतो. चादरीसमोर सगळं ठीक आणि मैदानात माती, याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. मॅट वापरायचीच तर चेंडूच्या मागे चार इंचांवर नॅपकिनची सपाट घडी ठेवा. ती हलली की फॅट.

शँक आणि हुक

शँक म्हणजे चेंडू फेसला न लागता दांड्याच्या गळ्याला लागून आडवा उडणं. एकदा झाला की पाठोपाठ तीन होतात, कारण माणूस घाबरून चेंडूच्या आणखी जवळ जातो आणि ग्रिप आवळतो. पावडरची खूण गळ्याजवळ दिसेल. कारणं साधारण दोन: वजन चवड्यावर जाऊन अख्खं अंग चेंडूकडे झुकणं, किंवा खाली येताना कंबर चेंडूकडे ढकलली जाणं. पहिल्याला: बुटात पायाची बोटं वर उचलून दहा अर्धे फटके मारा. दुसऱ्याला: मागे प्लास्टिकची खुर्ची ठेवा, बैठक तिच्या पाठीला जेमतेम टेकलेली, वर जाताना उजवी बाजू टेकावी, खाली येताना डावी, आणि मधे कधीही अंग खुर्चीपासून सुटू नये. याशिवाय, चेंडूच्या पलीकडे दोन इंचांवर काड्यापेटी ठेवून ती न पाडता चेंडू मारा. काड्यापेटी उडाली की क्लब चेंडूपलीकडे जातोय हे लगेच कळतं.

हुक, म्हणजे चेंडू डावीकडे जोरात वळणं, हा चांगल्या खेळाडूंचा आजार म्हणतात. मुठीची चार हाडं दिसत असतील तर एक कमी करा. तरी थांबला नाही, तर छाती वळायची थांबून हातच पुढे पळताहेत. नॅपकिनकडे परत जा.

घाम, ऊन आणि ग्रिप

एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या पुढे गेला की हे प्रकरण सुरू होतं. घामाने ग्रिप घसरते, घसरते म्हणून माणूस आवळतो, आवळली की हाताचे स्नायू ताठतात, आणि ताठलेल्या हाताला फेस वेळेवर वळवता येत नाही. चेंडू उजवीकडे. इथे स्विंगचा काडीचा दोष नाही. दर पंधरा दिवसांनी दांड्यावरची रबरी ग्रिप कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने, जुन्या दात घासायच्या ब्रशने धुवा आणि सावलीत वाळवा. धुऊनही गुळगुळीत, चकाकणारी राहिली तर रबर मेलं, बदला. ग्लोव्ह दोन ठेवा, आलटून पालटून वापरा. घामाने भिजलेला चामड्याचा ग्लोव्ह उन्हात वाळवला तर पापडासारखा कडक होतो. आवळायचं किती? दहाच्या मापात चार. उघडी टूथपेस्टची नळी हातात आहे आणि पेस्ट बाहेर येऊ द्यायची नाही, इतपत.

क्लब मोटारीच्या डिकीत ठेवू नका. मेच्या दुपारी आत भट्टी होते, डोकं आणि दांडा जोडणारा चिकट पदार्थ मऊ पडतो. डोकं हाताने किंचित फिरतंय का हे अधूनमधून बघा. फिरत असेल तर तो क्लब चादरीसमोरही वापरायचा नाही.

लय

फोन स्टुलावर, हातांच्या उंचीला, चेंडूच्या मागे सुतळीच्या रेषेत ठेवा. कॅमेरा फूटभर जरी सरकला तरी चांगला स्विंग कापणारा दिसतो, म्हणून जागा खडूने आखून ठेवा. साधा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा असतो. क्लब हलल्यापासून वर पोचेपर्यंतच्या फ्रेम मोजा, मग तिथून चेंडूला लागेपर्यंतच्या. निष्णात खेळाडूंचं प्रमाण तीनास एकच्या जवळ असतं: २४ आणि ८, कोणाचं २१ आणि ७, कोणाचं २७ आणि ९. 'हळू मार' हा सल्ला इथेच फसतो. माणूस वर नेताना हळू करतो आणि खाली तसाच झटका देतो.

मोजून बसवायचं तर 'एक' वर क्लब हलवा, 'चार' वर वर पोचा, 'पाच' वर चेंडू. 'तीन' वर पोचलात तर प्रमाण दोनास एक होतं, ही चूक सगळे करतात. २४ आणि ८ साठी मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला २२५ ठोक्यांवर लावा. पहिल्यांदा हे भलतंच जलद वाटेल. पहिले दोन दिवस चेंडूविना.

सातत्य: पुण्याच्या आधी आणि पुण्यात

एका वेळी एकच दुरुस्ती, किमान दोन आठवडे. सकाळी ऊन चढण्याआधी चाळीस चेंडू पुरेत. पहिले पंधरा त्या दुरुस्तीचे, एकाच क्लबने. उरलेले पंचवीस मात्र दर चेंडूला क्लब बदलून, दर वेळी मागे जाऊन, सुतळी बघून, नव्याने उभं राहून. मैदानात एकच फटका लागोपाठ तीस वेळा कधीच मारायचा नसतो, तरी चादरीसमोर सगळे तेच करतात. अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली तेव्हा तिच्या गटातल्या खेळाडू तिच्याहून कितीतरी लांब मारत होत्या. सातत्य आणि छोटा खेळ, म्हणजे होलजवळचे फटके, काय देतात ते तिथे दिसलं.

पुण्याला पोचायला चार-पाच तास बसून काढलेले असतात. कंबर आणि मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतात, आणि आखडलेली कंबर वळत नाही म्हणून खांदे आधी येतात: पुन्हा कापणारी वाट. टी टाइमच्या, म्हणजे तुमचा खेळ सुरू व्हायच्या वेळेच्या, पाऊण तास आधी पोचा. दहा मिनिटं चाला, क्लब खांद्यांवर आडवा धरून वीस वेळा अंग वळवा, मग वेजपासून चढत पंधरा-वीस चेंडू. यांपैकी शेवटचे पाच कुठे वळताहेत ते फक्त बघा, दुरुस्त करू नका. दहा मीटर उजवीकडे वळत असतील तर त्या दिवशी दहा मीटर डावीकडे निशाण धरा आणि खेळा. ड्रायव्हरला टी, म्हणजे चेंडू ठेवायची खुंटी, इतकी उंच की चेंडूचा अर्धा भाग क्लबच्या वरच्या कडेपेक्षा वर दिसेल. कमी उंच टीवर माणूस वरून खाली मारतो आणि स्लाइस वाढतो.

राउंडमध्ये वहीत प्रत्येक पूर्ण फटक्यासमोर एकच अक्षर लिहा: डावीकडे सुटला तर 'डा', उजवीकडे सुटला तर 'उ', माती आधी लागली तर 'मा', पातळ लागला तर 'पा'. कुठे पडला ते लिहायची गरज नाही. परतताना मोजा. 'उ' जास्त असतील तर उद्या सकाळी मार्कर आणि ग्रिप, 'डा' जास्त तर चपलांचा खोका, 'मा' आणि 'पा' जास्त तर चरात आजच रात्री पाणी शिंपडून ठेवा.